काठोकाठ भरलेला पियाला

मी पियाला बोलतोय. चहाचा, बिनकानाचा, निळ्या नक्षीचा. जन्म रिश्तान गावच्या कुंभारभट्टीतला आणि नांदलो मर्गिलान शहरात, ओयिमखान आजींच्या घरी, चांगली चाळीस वर्षं. आम्ही सहा भावंडं होतो. पाच फुटली. मला मात्र आजींनी तळहाताच्या फोडासारखं जपलं.

आमच्याकडे पाहुण्याला जेमतेम दोन घोट चहा देतात. संपला की परत ओतायचा, गप्पा लांबवायच्या. त्यातच मान. पियाला काठोकाठ भरला, की पाहुण्यानं समजून जायचं: या आता!

आजींची नात मुहय्यो डॉक्टरकी शिकते. तिचा अभ्यास म्हाताऱ्या मेंदूचा आणि पक्षाघाताचा. वही घेऊन ती गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडे जायची, कुणाला घड्याळ काढायला लावायची, कुणाला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगायची. "साठी बुद्धी नाठी! त्यात शिकायचं काय मेलं?" असं आईनं म्हटलं की उसळायची.

"दर वेळी म्हातारपणच नसतं, आई. डोक्यातली नस गपचूप बंद पडते. पहिल्या चार तासांत औषध मिळालं तर माणूस सावरतं."

वहीत पहिलं नाव आजींचंच होतं.

मग स्थळ आलं. मुहय्योला शिक्षण सोडून जायचं नव्हतं. आजी म्हणाल्या, "रडतेस काय? चहा मीच ओतणार ना! असा भरीन काठोकाठ, की परत उंबरा चढणार नाहीत."

"बुवी, खरंच भरा हं!" आजीला ती बुवी म्हणते.

शुक्रवारी दुपारी मुलाची आई आली. आजींनी किटली तिरकी केली आणि थांबल्याच नाहीत. मी काठापर्यंत भरलो, खाली अंथरलेल्या दस्तरखानाच्या कापडावर सांडलो. तसंच त्यांनी मला उचललं, एक शब्द न बोलता पुढे केलं. त्यांचा अंगठा माझ्यातल्या कढत चहात बुडला होता आणि त्यांनी तो काढला नाही. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी हादरलो. पण मातीच्या भांड्याचं कोण ऐकतंय!

"कळलं हो, कळलं!" पाहुणीबाई फणकारली. "निघते मी."

मुहय्योची आई कपाळ बडवत तिच्या मागे दारापर्यंत धावली. मुहय्यो हसत सुटली. "बुवी, काय डाव टाकलात!" आजींचं तोंड एका बाजूनं हसल्यासारखं झालं. "बघा, कसं लबाड हसताय!" मुहय्यो म्हणाली. "आता निवांत पडा जरा."

तिनंच उशी दिली, पांघरूण घातलं. शेजारी बसून वहीत आकडे मांडत राहिली.

दिवस मावळला तेव्हा तिनं हाक मारली. आजींचा उजवा हात लुळा पडला होता, अंगठ्यावर टरारून फोड आला होता. तिनं तो फोड पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. चार तास केव्हाच उलटले होते. तिनं जो हंबरडा फोडला, तो मला अजून ऐकू येतो.

आजी आहेत. बोलत नाहीत. मुहय्यो माझ्यातला चहा त्यांना चमच्यानं पाजते, अर्धा हनुवटीवरून ओघळतो. वहीत आता नवा प्रश्न आहे, सगळ्यांत आधी विचारायचा: चहा ओतताना काही चुकतं का? गल्लीतले लोक तो ऐकून हसतात. ती हसत नाही.

माझं एकच मागणं आहे. कुणी पियाला काठोकाठ भरला तर रागावण्याआधी, हसण्याआधी, त्या हाताकडे बघा. मी बघितलं होतं. मला सांगता आलं नाही. आता आजींनाही येत नाही.