जोडे काढ, घर आलं

बर्फाच्या रिंकच्या फाटकाशी आलं की ताईसिया कठडा धरून एक पाय मागे उचलायची. रोदिओन वाकून तिच्या बुटाच्या पात्यावरचं रबरी कव्हर ओढून काढायचा, मग दुसऱ्या पायाचं. आणि दर वेळी म्हणायचा, "जोडे काढ, ताय्का, घर आलं."

याला कारण होतं. आपल्या गावाहून, सोलिकाम्स्कहून, तेरा वर्षांची ताईसिया स्केटिंगसाठी पेर्मला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी घाबरून कव्हरांसकट बर्फावर उतरली आणि सगळ्यांदेखत दाणकन आपटली. नवख्या पोरांकडूनही होत नाही अशी ही चूक. पोरी फिदीफिदी हसल्या. रोदिओन तेव्हा एकोणीस वर्षांचा दांडगा जवान, जोडीच्या स्केटिंगमधली जोडीदारीण उचलता येणार नाही इतकी उंच वाढल्यामुळे मोकळा झालेला. तो हसला नाही. गुडघ्यावर बसून त्यानं तिची कव्हरं काढली आणि तिला उभं केलं. तेव्हापासून दोघं जोडीनं खेळू लागली, हे काम त्याच्याचकडे राहिलं, आणि खरं सांगायचं तर ते काम आहे हेच ताईसिया विसरून गेली. रोज ताटात भाकरी येते, ती कोण भाजतं हे कुठं कुणाच्या लक्षात येतं?

ती राहायचीही त्यांच्याच घरी. रोदिओनच्या आईनं, झिनामावशीनं, तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, फक्त एक गोष्ट सोडून. रविवारी मावशी पोसिकुंचिकी तळायची, खिम्याच्या त्या बारक्या करंज्या, चावल्या की रस हनुवटीवर ओघळतो अशा. ताईसियानं हात पुढं केला रे केला की मावशी ताट उचलायची. "तू खा बाजरीची खीर. तू खाल्लेलं माझ्या लेकाला डोक्यावर घ्यावं लागतं!"

"मावशी, एकच."

"एकीच्या दहा होतात. सरक तिकडं."

तसं दोघांचं बरं चाललं होतं. देशाच्या स्पर्धेत कधी पाचवे, कधी चौथे. तीन जोड्या उभ्या राहतात त्या पायऱ्यांपर्यंत मात्र घोडं कधी गेलं नाही. बाईंचा, म्हणजे प्रशिक्षक कापितोलिना अर्काद्येव्हनांचा, घसा ओरडून बसायचा. "ताईसिया, वर गेलीस की हस! सुतकाला आली आहेस का?"

रोदिओन खालून, तिला एका हातावर तोलत, धापा टाकत विचारायचा, "हसतेस ना गं? मला इथून छतावरचे दिवे तेवढे दिसतात."

"तू उचल. दिसायचं माझं मी बघते."

मग एका उन्हाळ्यात तो हात दगा देऊन गेला. ताईसिया त्याच्या डोक्यावर आडवी होती, रोदिओननं वळण घेतलं आणि खांदा खटकन निखळला. उंचावरून बर्फावर डोकं आपटणं म्हणजे काय, हे जोडीनं खेळणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण ती बर्फावर पडलीच नाही. पडता पडता रोदिओननं स्वतःला तिच्याखाली घातलं. तिला साधं खरचटलंही नाही, त्याच्या मात्र दोन बरगड्या मोडल्या. खांद्याचं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. या हातानं चमचा उचल, बॅग उचल, पण डोक्याच्या वर आता काही नाही.

आठवड्याभरात बाईंनी ताईसियाला बोलावलं. पीटर्सबर्गला एक मुलगा होता, देम्यान नावाचा. त्याचीही जोडीदारीण दोन वर्षांत ताडासारखी वाढली होती. तिथले प्रशिक्षक गेनरिख ल्वोविच ताईसियाला त्याच्यासोबत बर्फावर उतरवून बघायला तयार होते.

"मी काय घोडी आहे," ताईसिया भडकली, "एका गाडीची सोडली, दुसऱ्या गाडीला जुंपली?"

"चोविसाव्या वर्षी घरी बसलीस तर घोडीसुद्धा म्हणणार नाही कुणी," बाई म्हणाल्या. "जा, बघून तर ये."

ती गेली नाही. ज्यानं स्वतःच्या बरगड्या तिच्याखाली घातल्या, त्याला खाटेवर टाकून दुसऱ्याचा हात धरायचा? तिनं मनाशी ठरवून टाकलं, संपलं आपलं स्केटिंग. सोलिकाम्स्कला जायचं, लहान मुलांना शिकवायचं. आणि हे ठरवून ती रात्रभर रडली, कारण तिला अजून खेळायचं होतं. त्या तीन पायऱ्यांवर एकदा तरी उभं राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रोदिओननं तिला हाक मारली. पट्ट्यांत आवळलेला, भिंतीला टेकून बसला होता.

"ऐकलं मी, तू जात नाहीयेस म्हणे. माझ्यासाठी वगैरे."

"तुझ्यासाठी नाही. माझी मर्जी."

"मग ऐक. मला कंटाळा आलाय तुझा. इतकी वर्षं पोतं उचलल्यासारखं उचललं. आता सुटलो. तू इथं तोंड पाडून बसणार असलीस तर मीच घर सोडतो."

 ताईसियानं रागानं त्याच दिवशी तिकीट काढलं. निघताना रिवाजाप्रमाणे ती आणि मावशी सामानाशेजारी क्षणभर गप्प बसल्या. प्रवासाआधी असं बसलं नाही तर वाट सुखाची होत नाही. रोदिओनच्या खोलीचं दार बंदच राहिलं.

"त्याला म्हणावं, पोतं गेलं," ताईसिया उठताना म्हणाली.

मावशी काहीतरी बोलणार होती, पण तोंड मिटून तिनं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

पीटर्सबर्गच्या रिंकवर सगळंच परकं होतं. देम्यान उंच, लाजाळू, हातात हात द्यायलाही संकोचणारा. गेनरिख ल्वोविच टोपी कानांपर्यंत ओढून कठड्याशी उभे. "चला, दोन चकरा मारा आधी," ते म्हणाले. ताईसियानं मान ताठ केली. पेर्मची पोरगी काय आहे ते दाखवायचंच होतं तिला. फाटक उघडलं, ऐटीत पाऊल टाकलं, आणि पाय वर, डोकं खाली! कव्हरं पायांतच होती.

हशा पिकला. ताईसिया बर्फावर बसली होती तशीच राहिली. तेरा वर्षांची असताना झालं होतं, अगदी तसंच.  आणि तेव्हाच गेनरिख ल्वोविचनी कपाळावर हात मारला.

"माझंच चुकलं! तुझ्या त्या रोदिओननं फोनवर बजावून सांगितलं होतं. म्हणाला, फाटकाशी आली की 'जोडे काढ, घर आलं' असं म्हणा. मला वाटलं, थट्टा करतोय."

"कुणी?" ताईसिया म्हणाली. "कधी?"

"दवाखान्यातून. तुझ्या बाईंच्याही आधी. त्यानंच तर तुझं नाव सुचवलं! म्हणाला, यायला तयार होणार नाही, पण कसं पाठवायचं ते माझं मी बघतो. शिवाय तुझा डावा गुडघा गारठ्यात आखडतो, भूक लागली की चिडतेस, बरंच काय काय. बहिणीला सासरी धाडताना भाऊ सांगतो ना, तसं चाललं होतं त्याचं."

ताईसिया हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. बिचाऱ्या देम्यानला वाटलं, तिला लागलं. तो गुडघ्यावर बसला आणि अवघडून, एकेक करून तिची कव्हरं काढू लागला.

"थांब," ती म्हणाली. "माझी मी काढते. आता शिकायला हवं."

त्या दिवशी देम्याननं तिला डोक्यावर घेतलं ते पिसासारखं. ताईसिया राहिली. घरी फोन केला तर रोदिओन नेमका आंघोळीला गेलेला असायचा. दिवसातून तीनदा आंघोळ करणारा माणूस पेर्ममध्ये तो एकटाच असेल.

हिवाळ्यात कझानला देशाची स्पर्धा भरली. शेवटच्या दिवशी ताईसिया आणि देम्यान फाटकाशी आले. तिनं कठडा धरला, पाय मागे उचलला, स्वतःच्या हातानं दोन्ही कव्हरं काढली. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक ओळखीचा, घोगरा आवाज आला, "ताय्का! जोडे!"

आजूबाजूचे हसले. ताईसियानं मान वर केली. मागच्या रांगेत रोदिओन उभा होता, शेजारी मांडीवर डबा धरून झिनामावशी. ताईसियानं दोन्ही कव्हरं उंच धरून त्याला दाखवली, कठड्यावर ठेवली आणि बर्फावर उतरली.

कसं झालं हे तिला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की वर गेल्यावर हसायची आठवण कुणाला करून द्यावी लागली नाही. गुण लागले, आणि दोघं तिसरे आले. सगळ्यात खालच्या पायरीवर उभी राहून ती इतकी रडली की पहिल्या आलेल्या जोडीनं तिला रुमाल दिला.

कव्हरं हातातच घेऊन ती रिंकच्या मागच्या वाटेवर आली, तिथं रोदिओन आणि मावशी भेटले. मावशीनं आधी डबा उघडला. "घे, हव्या तेवढ्या खा. उचलणारा आता माझा नाही!"

ताईसियानं एक करंजी तोंडात कोंबली. रस हनुवटीवर आला, तो तिनं पुसलाही नाही. रोदिओनकडे बघत राहिली.

"पोतं म्हणालास मला."

"म्हणालो."

"कव्हरं काढलीस. बरगड्या मोडून घेतल्यास. फोनही तूच केलास. आणि मी एवढ्या वर्षांत तुला एकदाही—" तिनं हनुवटी बाहीनं पुसली. "रोद्या, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर."

रोदिओननं खाली बघितलं. दुखरा खांदा चोळला. मग हळूच म्हणाला, "मीसुद्धा तेच सांगायला आलोय. इतकी वर्षं मी तुझ्या खाली होतो, ताय्का. छतावरचे दिवे तेवढे दिसायचे. वर गेलीस की तू कशी दिसतेस, ते मी आज पहिल्यांदा बघितलं."

आणि खाली वाकून, चांगल्या हातानं, त्यानं तिच्या पात्यांवर कव्हरं चढवली.