पट्ट्यावरची जाळी

अहमदपूरच्या धान्य-मोंढ्यामागं दयानंद शेठची डाळमिल होती. तारामतीनं तिथं एकवीस वर्षं डाळ निवडली, पाखडली, झाडली, आणि त्यातली निम्मी वर्षं एकाच गोष्टीपायी घसा कोरडा केला. ती गोष्ट म्हणजे मोटारीच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी.

जाळी जागेवर असली की पट्ट्याजवळ सांडलेली डाळ झाडताना बाईचा पदर, वेणी, हात शाबूत राहतो. पण ती जागेवर राहील तर ना. सोमवारी बसवावी, तर मंगळवारी भिंतीला टेकलेली. आणि आजपासून तिथं झाडायला तारामतीची सून तनुजा येणार होती. तिची वेणी कमरेखाली रुळत होती.

सकाळी मिल सुरू व्हायच्या आधी तारामतीनं पाहिलं, तर आज जाळी भिंतीलाही नव्हती.

"संगमेश, जाळी कुठंय?"

मशीन चालवणारा संगमेश तंबाखू मळत होता. "मालकिणीनं गच्चीवर नेली, मावशी. सांडगे वाळू घालायला. खालून वारं लागतं म्हणं, लवकर वाळतेत."

"आन् इथं कुणाचा हात गेला तर मंग?"

"मला तशीबी ती आडवीच येती. पट्टा घसरून राहिला का पकड धरायला राळ लावावी लागती. दर येळी नट कोण खोलत बसंल?"

"चालत्या पट्ट्याला हातानं राळ लावतोस?"

"फिरता असला की समदीकडं सारखी लागती."

या माणसाची अक्कल त्याच्या चुन्याच्या डबीत मावेल, असं तारामतीला वाटलं.

तनुजा हळूच म्हणाली, "आत्याबाई, मी वेणी खोचून घेते. जपून झाडीन."

"सिंधूबी जपूनच झाडायची."

 समोरच निवडायला बसलेल्या सिंधूच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता.

तारामती तरातरा बोर्डाकडं गेली. मेन स्विच बंद केला, तिन्ही फ्यूज उपसले, पदरात गाठ मारून बांधले आणि तुरीनं भरलेल्या कट्ट्यावर जाऊन बसली.

निरोप गेला तसे दयानंद शेठ आले. "तारामती, दुपारी नांदेडची गाडी भरायची हाय. फ्यूज दे."

"जाळी द्या, फ्यूज घ्या."

"अगं, सांडगे ओले हायेत अजून."

"सांडगे पुन्यांदा घालता येतेत, मालक."

"लई जीभ चालून राहिली तुझी. उद्यापासून कामावर येऊ नको."

"न्हाई येत. पण आज फ्यूज माझ्यापशी हायेत."

शेठनी फोन करून गफूर फिटरला बोलावलं, नवे फ्यूज घेऊनच ये म्हणाले. गफूरभाई आले, पण नवे फ्यूज पिशवीतच ठेवून, बोर्डाकडं न जाता पट्ट्यापाशी थांबले. अंगठ्यानं पट्टा दाबला. तो वीतभर खाली गेला.

"शेठ, पट्टा ढिला हाय. म्हणून घसरतो, म्हणून राळ, म्हणून जाळी काढायची. मोटार मागं सरकवून पट्टा ताणला तर राळच लागणार न्हाई. दिवाळीलाच बोललो होतो मी. अर्धा तास मिल बंद ठेवावी लागंल म्हणून कुणी ऐकलं न्हाई."

"अर्धा तास?" तारामती उठून उभी राहिली. "गफूरभाई, मी एवढी वर्षं वरडून राहिले, मला का सांगितलं न्हाई?"

"तू इचारलं कुठं, बाई? तू नुसती वरडायचीस."

तिला त्यांचाही राग आला आणि स्वतःचाही. पण बोलण्यात वेळ घालवायचा नव्हता. तिनं तनुजाला गच्चीवर पिटाळलं. अर्ध्या तासात पट्टा ताणून झाला, तोवर सांडग्यांचे तुकडे चिकटलेली जाळी खाली आली. संगमेशनं नट आवळले आणि हात पुढं केला.

"आता फ्यूज दे, मावशी."

तारामतीनं वाकून जाळीचे कोपरे पाहिले. भोकं सहा, नट पाच.

"पाचावर हालत न्हाई ती," संगमेश म्हणाला.

"आज न्हाई हालायची." ती परत कट्ट्यावर बसली. "सहावा हुडका."

संगमेश शेठकडं पाहू लागला. गफूरभाईंनी नव्या फ्यूजची पिशवी काखेत घट्ट धरली. शेठनी घड्याळ पाहिलं, तारामतीच्या पदराची गाठ पाहिली, आणि धोतराचा सोगा सावरून पोत्यांखाली नट शोधायला वाकले.