गाडीवरचा तिसरा भाग

मला नोटेशन वाचता येतं. बँडमधल्या बाकीच्या पाचांना येत नव्हतं, आणि त्याची त्यांना काडीचीही लाज नव्हती. मी ऑपेरातल्या वादकाकडे सात वर्षं व्हायोलिन शिकलेला. हे लोक न्यू ऑर्लिन्समधल्या कॅनॉल स्ट्रीटच्या पलीकडच्या गरीब वस्तीतले, दिवसभर धक्क्यावर कापसाचे गठ्ठे उचलून यायचे. दर गुरुवारी माझ्या स्वयंपाकघरात बसून बायकोने केलेलं गम्बो, म्हणजे आमच्याकडचं दाट कालवण, ओरपायचे, आणि मी छापील कागदावरून नवं गाणं तीनदा वाजवलं की कानाने उचलायचे.

उचलायचे म्हणजे नासवायचे. होझिया पिकेन्स कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, फुंकायचा. गाण्याची चाल त्याच्याकडे, पण एक सूर वेळेवर लावेल तर शपथ. क्लॅरिनेटवाला वरून मनाला येईल तशा गिरक्या घ्यायचा, ट्रॉम्बोनवाला खालून हंबरायचा. तिघं एकदम बोलणार, आणि याला संगीत म्हणायचं! लिहिल्याबरहुकूम वाजवणारा मी एकटा, म्हणूनच बँडला नाव माझं, दुविन्योचं.

एका सोमवारी नाचघराचा मालक लासाल म्हणाला, "प्रोफेसर, या गोंगाटात तुमचं व्हायोलिन मला ऐकूच येत नाही. पुढच्या महिन्यापासून तुमच्या जागी दुसरा कॉर्नेट घ्यावा म्हणतो."

"आणि यांना गाणी कोण शिकवणार? तुमचा घोडा?"

"तेही खरंच," तो डोकं खाजवत म्हणाला. "रविवारी गाडीवर ऐकतो, मग ठरवू."

रविवारी दुपारी नाचाच्या जाहिरातीसाठी बँड घोडागाडीत बसून फिरायचे. दोन बँड समोरासमोर आले की लोक गाड्यांची चाकं साखळीने एकमेकांना बांधून टाकायचे. एक हरेपर्यंत सुटका नाही, आणि गर्दी जिंकणाऱ्याच्या नाचाला.

मी ठरवलं, यांना यांची पायरी दाखवायची. त्या गुरुवारी नव्या गाण्याचे दोनच भाग शिकवले आणि तिसरा हातचा राखला. गाडीवर तो आला की पाचही जण तोंडं वासून बसतील, मी एकटा वाजवीन, आणि लासालच्या टाळक्यात उजेड पडेल.

रविवारी चाकं बांधली गेली. समोरचा बँड तगडा होता. आम्ही नवं गाणं काढलं, दोन भाग झाले, आणि मी उठून तिसरा सुरू केला. बाकी चौघं गप्प झाले. फक्त ढोल चालू होता. लासाल रस्त्याकडेच्या एका पायरीवर उभा राहून बघत होता. मला इतका आनंद झाला की बोट घसरलं, शुद्ध गंधाराच्या जागी कोमल लागला. म्हटलं, या अडाण्यांना काय कळतंय.

होझिया मान खाली घालून ऐकत होता. माझी एक फेरी झाली आणि त्याने कॉर्नेट ओठांना लावला. अख्खा भाग उचलला, घसरलेल्या गंधारासकट! त्यावर तर असा रेंगाळला की गल्ली ओरडायला लागली. क्लॅरिनेट शिरलं, ट्रॉम्बोन शिरला. मी जिवाच्या आकांताने गज ओढत होतो, पण माझं व्हायोलिन मलाही ऐकू येईना. समोरच्यांनी वाद्यं खाली ठेवली.

लासाल गाडीजवळ आला. "भर रस्त्यात, एका फेरीत उचललं की यांनी. मग गुरुवार हवेत कशाला?"

धोंडा मीच आणला होता, पायही माझाच.

होझिया म्हणाला, "प्रोफेसर, तो मधला वाकडा सूर फार भारी होता बघा."

"ती चूक होती, मूर्खा."

"मग अशा चुका करत जा की." तो चेष्टा करत नव्हता, हेच मला सहन झालं नाही.

आज अर्धं न्यू ऑर्लिन्स त्या कोमल गंधारावर नाचतं. छापील कागद माझ्या पेटीत आहे, त्यावर शुद्ध लिहिलाय. परवा कोपऱ्यावर एक पोरगेला कॉर्नेटवाला तेच गाणं वाजवत होता. मला राहवेना. म्हटलं, "बाबा रे, तो सूर चुकतोय तुझा."

त्याने मला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "राहू दे, काका," तो म्हणाला, "त्याला कान लागतो."