सळई कोणी आवळली?

रेव्हरंड मेब्रींचं प्रवचन बोलण्यात सुरू होई आणि गाण्यात संपे. शब्द तापत तापत सुराला लागले, की व्यासपीठाच्या पायाशी बसलेला लव्हेल पिकन्स बास गिटारच्या जाड तारेवर बोट ठेवी. मग मेम्फिसच्या त्या विटांच्या चर्चमध्ये धडधाकट बाप्येसुद्धा डोळे पुसत उभे राहत. स्वतःच्या लेकीच्या जन्माआधीपासून बासवाल्याची ती खुर्ची लव्हेलची होती.

पण गेले दोन रविवार तार खरखरत होती. मागच्या खेपेला तर येशू मेलेल्या लाजरसाला उठवतो त्या गोष्टीत, ऐन थडग्यापाशी, बाटलीत माशी अडकावी तशी. चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन लोकांनी गोड शब्दांत सांगितलं, "ब्रदर पिकन्स, येत्या रविवारीही असंच झालं तर टिब्स बसेल. तुम्हालाही जरा विसावा."

विसावा! लव्हेलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रॉस्को टिब्स दुसऱ्या चर्चमधून नवा आलेला, बुधवारी तरुणांच्या गाण्याला बास वाजवायचा. बास ठेवायच्या कपाटाची दुसरी किल्ली त्याच्याकडे. आणि किल्ल्यांच्या जुडग्यात सहा कोनांची छोटी चावी, गिटारच्या दांडीतली सळई फिरवतात तसली! असली चावी माणूस उगाच कशाला बाळगेल?

शनिवारी तालमीआधी लव्हेलनं तार दांडीवरच्या पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर, दाबून धरली. मध्ये कागद सरकेल एवढी फट हवी. फट नव्हतीच. तारा दांडीला पुढं ओढतात, आतली लोखंडी सळई मागं खेचते. या ओढाताणीत दांडीला हलका बाक राहतो, म्हणून तार मोकळी नाचते. बाक गेला, म्हणजे सळई कुणीतरी आवळली.

टिब्स आत आला तसा लव्हेल कडाडला, "ये, ये. चावी आणलीस ना? का काम उरकलंय?"

"कसलं काम?"

"माझ्या दांडीचं. खुर्ची हवी होती तर तोंडानं मागायची, रे."

टिब्सचा चेहरा उतरला. "ब्रदर पिकन्स, आमच्या आईनं मला मारून का होईना, पण परक्याच्या वस्तूला हात लावू नये हे शिकवलंय. ते झाकण उघडा."

सळईच्या तोंडावरच्या झाकणाचे स्क्रू लव्हेलच्याच घामानं गंजून बसले होते. तेल सोडून, दात-ओठ खाऊन लव्हेलनं ते कसेबसे फिरवले. कित्येक वर्षांत तिथं कुणी हात घातला नव्हता. तरी संशय काही खाली बसेना.

टिब्सनं सूर जुळवायचं चिमट्याएवढं यंत्र दांडीच्या टोकाला लावलं. "वाजवा जाड तार."

"घे."

"ही मूळ सुरापेक्षा दोन घरं खाली आहे. तारा ढिल्या पडल्यात, ओढ कमी झाली. सळई एकटीच खेचतेय, म्हणून दांडी हळूहळू सरळ झालीय."

"तुझं यंत्र दारू प्यायलंय! मी दर रविवारी ऑर्गनला जुळवून घेतो. ऑर्गन खोटं बोलतो का?"

ऑर्गनपाशी बसलेली सिस्टर व्हर्लीन पट्ट्यांवरची नसलेली धूळ पुसू लागली.

"व्हर्लीन?" लव्हेलचा आवाज बदलला. "तू काय केलंस?"

"ओरडू नकोस. देवाच्या घरात आहेस." तिनं ऑर्गनच्या कडेचं बटण दाखवलं. "ईस्टरनंतर सूर एक घर उतरवला. उन्हाळ्यात आणखी एक. माझी बोटं तिथंच पडतात, आवाज तेवढा खाली येतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या पोटात काही राहतं का? रेव्हरंडना वरचा सूर लागत नाही आता. मार्चमध्ये आवाज फाटला, तेव्हा खुर्चीत बसून राहिले. आठवतं? आता पुन्हा गातात. घरी जाऊन बायकोला म्हणतात, देवानं गळा परत दिला."

लव्हेलनं जाड तारेवरून बोट फिरवलं. तारा मऊ लागतात हे त्याच्या बोटांना केव्हाच कळलं होतं. जुन्या झाल्या असतील, म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. आता तारा पुन्हा चढवाव्यात, तर बास एकीकडं आणि रेव्हरंड दुसरीकडं.

"टिब्स," तो खाली बघत म्हणाला, "माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. माफ कर मला, भावा. तुझी चावी लागेल का बघ इथं."

चावी चपखल बसली. टिब्सनं दांडी धरली, लव्हेलनं सळई पाव फेरा सैल केली. थोडं थांबले. पुन्हा जरा सैल. तार दाबून लव्हेलनं फटीतून पाहिलं. पलीकडं व्हर्लीनचा लाल झगा दिसला, बारीक रेघेसारखा.

त्यानं जाड तार छेडली. सूर स्वच्छ, खोल, ढिला असूनही भरलेला.

"व्हर्लीन, तिसऱ्यांदा बटण दाबायची वेळ आली ना," तो म्हणाला, "तर मला आदल्या दिवशी सांग. दांडीला रात्रभर वेळ द्यावा लागतो."