छाती भरते

आमच्या घरात दमा हा शब्द चाळीस वर्षांहून जास्त काळ कुणी उच्चारला नव्हता. नियम सासूबाईंचा. अजय तीन वर्षांचा असताना सांगलीच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि तो शब्द म्हटला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सासूबाई मला म्हणाल्या, "घरी सांगायचं, छाती भरते. दमेकऱ्याला पोरगी कोण देणार?" मी बावीस वर्षांची, चौथी शिकलेली. सांगितलं तसं केलं. अजयची छाती भरायची आणि मोकळी व्हायची. तो दहा वर्षांचा असताना ह्यांच्या नोकरीपायी आम्ही लंडनला आलो, आणि ती भरायची थांबली. इथल्या डॉक्टरनं विचारलं तेव्हाही मी मान हलवली, काही नाही म्हणून.

पुढं अजयचं लग्न ठरलं. वीणा पुण्याची, तिची आई शाळेची मुख्याध्यापिका. वीणाच्या वडिलांनी मला सरळ विचारलं, घरात काही आजार आहे का. मी म्हटलं, "आमच्याकडे शिंकसुद्धा कुणी देत नाही." विहीणबाईंकडे मात्र साखर, बीपी आणि दोन्ही गुडघे. त्या इंग्रजी पेपर वाचतात, मला मराठी वाचायलाही ओळीखाली बोट धरावं लागतं. पण तब्येतीत मी वरचढ. अठरा वर्षं फोनवर मी त्यांना ऐकवत आले, "आमच्याकडे बाई असलं काही नाही."

यंदा तनूनं, म्हणजे माझ्या नातीनं, बार्बेडोस बेटावर जायचा हट्ट धरला. चौदा वर्षांची आहे. पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायचं आणि मासे बघायचे. मी म्हटलं, मासेच बघायचे तर एजवेअरला मासळीवाला आहे, बसनं दहा मिनिटं. कुणी ऐकलं नाही. अजय, वीणा आणि तनू तिघं खाली जाणार, मी काठावर बसून चपला सांभाळणार, असं ठरलं.

त्याआधी इथंच शिकायचं होतं. एका रविवारी तनू जेवणाच्या टेबलावर फॉर्म घेऊन बसली आणि मराठीची प्रॅक्टिस म्हणून मला वाचून दाखवू लागली.

"आजी, तुला कधी हार्टची आजार झाला होता?"

"झाली होती का, असं म्हण. नाही, झाला होता का. मलाही बिघडवलंस तू."

"आणि अस्थमा? अस्थमाला मराठीत काय म्हणतात?"

मी शेंगा सोलत होते. "मला काय ठाऊक? मी काय डॉक्टर आहे?"

"बाबा, तुला अस्थमा होता कधी? लहानपणीचं पण विचारलंय."

"नाही," अजय सोफ्यावरून म्हणाला. "सगळीकडे नो टाक."

तनूनं त्याच्याही फॉर्मवर नो टाकलं, स्वतःच्याही. अजय खोटं बोलला नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याची लहानपणी छाती भरायची, एवढंच त्याला माहीत. मी शेंगा सोलत राहिले. मनात म्हटलं, कागदच आहे, या देशात पाणी प्यायलासुद्धा फॉर्म भरतात.

पुढच्या शनिवारी सकाळी एका शाळेच्या पोहण्याच्या तलावावर गेलो. शिकवणारा राज, नागपूरचा, मराठी बोलणारा. काठावर बाकावर मी बसले होते. वीणाची पाळी नंतर होती, म्हणून तीही माझ्या शेजारी टॉवेल गुंडाळून. राजनं आधी उथळ भागात अजय आणि तनूला श्वास घ्यायला शिकवलं. मग दोघांना पायऱ्यांपाशी थांबवून तो माझ्याजवळ टाकी बदलायला आला.

मी विचारलं, "इतके कागद कशाला रे भरून घेता? माणूस पोहायला येतो की नोकरीला?"

"काकू, विमानात वेफर्सचं पाकीट फुगतं, पाहिलंय ना? खोल पाण्यातून वर येताना छातीतली हवा तशीच फुगते. धड माणूस ती सोडून देतो. दमा असणाऱ्याची कधी आतच अडकून बसते."

"मग?"

"मग पाकीट फुटतं, काकू."

त्यानं अगदी सहज सांगितलं आणि टाकी उचलून गेला. वीणा फोनमध्ये बघत होती. समोर खोल भागाकडे अजय निघाला, त्याच्यामागे तनू. माझ्या मनात एवढंच आलं की आता बोलले तर ही शेजारी बसलीय ती ऐकणार, आणि संध्याकाळपर्यंत पुण्याला कळणार. एवढा विचार करायला मी वेळ घेतला, हे लिहायलाच हवं. तोवर अजयनं तोंडात नळी घातली होती.

मी उठून उभी राहिले. "राज, त्याला बाहेर काढ."

"काय झालं काकू?"

"त्याला दमा होता."

तलावावर आवाज घुमतो. वीणानं फोन खाली ठेवला. अजय निथळत काठाशी आला.

"आई, मला दमा कधी होता?"

"सात वर्षं होता."

"तू तर छाती भरते म्हणायचीस."

"दम्यानंच भरायची."

राजनं त्याच्या पाठीवरची टाकी सोडवली. वीणा माझ्याकडे बघत होती. आवाज न चढवता म्हणाली, "आई, माझ्या बाबांनी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतं. मी खोटं बोलले."

"आणि तनूची सर्दी? नेटबॉल खेळून आली की खोकते ती. मी दोनदा डॉक्टरकडे नेणार होते. तुम्ही ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलंत आणि म्हणालात, सर्दीला कसला डॉक्टर."

मी राजला म्हटलं, "तिलाही काढ."

तनू रडली. गाडीत मागं माझ्याशेजारी न बसता पुढं जाऊन बसली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी डॉक्टरकडे मलाही नेलं, कारण घरातला इतिहास सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही. अजय आणि तनू दोघांना नळीत फुंकायला लावलं. डॉक्टरबाई मला विचारायची, तनू मराठीत करायची, मी सांगायची, तनू इंग्रजीत करायची. एका जागी तिनं माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं. त्यातला 'लाइड', म्हणजे खोटं बोलली, एवढा शब्द मला कळला.

"आजी, ती विचारते, अजून कोणाला होता?"

"माझ्या सासूबाईंना. ह्यांच्या घराकडून आलाय, माझ्या माहेरचा नाही, हे आधी लिहायला सांग."

तनूनं सांगितलं. बाईनं लिहिलं. वीणा भिंतीकडे बघत बसली होती.

मी म्हटलं, "थांब. माझ्या वडिलांनाही होता."

"म्हणजे दोन्ही साइडला?"

"दोन्ही."

अजयचं फुंकणं ठीक निघालं. पाणबुड्यांच्या खास डॉक्टरचं पत्र आणलं तर तो खाली जाऊ शकेल. तनूला दमा आहे, हलका. पंप दिला. यंदा खोल पाणी नाही, पुढचं पुढं बघू म्हणाली बाई. बार्बेडोसची तिकिटं आहेत तशीच राहिली. तनू वरूनच तोंड बुडवून मासे बघणार. पंप घेतल्यापासून तिचं खोकणं कमी झालंय. वीणानं ते मला बोलून दाखवलं नाही, म्हणून मीच इथं लिहिते.

घरी आल्यावर वीणानं माझ्यासमोर फोन ठेवला. "आईला मी काही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा."

पुण्यात संध्याकाळ झाली असणार. विहीणबाईंनी लगेच उचलला.

"विहीणबाई, अजयला लहानपणी दमा होता. लग्नात मी लपवलं. तनूलाही निघालाय, तिला औषध सुरू केलंय. आता काय बोलायचं ते बोला."

"नंदाताई," त्या म्हणाल्या, "आम्ही आमची साखर लपवली नव्हती."

आणि मग त्या बोलू लागल्या. मुख्याध्यापिका बाई, एकेक मुद्दा सोडत नव्हत्या. अठरा वर्षांत मी काय काय म्हणाले होते ते सगळं त्यांना तारीखवार पाठ. पाऊण तास चाललं. मला उत्तरं सुचत होती, एकापेक्षा एक. मी "हो" म्हणत राहिले.