सारखा वाटा

मालक कारखाना सोडून गेला आणि पन्नास कामगारांनी मिळून तो चालवायला घेतला. साबणाचा कारखाना. सगळ्यांत पुढे दादा, भट्टीवर साबण उकळणारा. वीस वर्षं फाटकावर त्याने घसा फोडला होता, "घाम सारखा, तर वाटाही सारखा!" त्याची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, तिथेच वड्यांना कागद गुंडाळून खोकी भरायची. मालकाच्या काळात या कामातल्या बायांना भट्टीवाल्यांच्या निम्मा पगार मिळे. आता ते संपलंच, असं ती धरून चालली होती.

पहिल्या सभेत हिशेबनीसाने विचारलं, "सगळ्यांना सारखा वाटा. विरोधात कोण?"

हात वर झाले. वहिनी बघत होती. तिसऱ्या ओळीत दादाचा हात वर होता. तिला वाटलं, प्रश्न ऐकण्यातच त्याची चूक झाली.

"अहो!" ती भर सभेत ओरडली.

त्याने मान वळवली नाही, हातही खाली घेतला नाही. आणि तिच्याच बाकावर, तिला खेटून बसलेल्या वन्संचाही हात वर होता! दादाची थोरली बहीण, रोज तिच्याबरोबर खोकी भरणारी.

"वन्सं, तुम्ही? स्वतःच्याच पोटावर पाय?"

"भट्टीवाले सोडून गेले, तर गुंडाळायला वड्या कुठून आणणार, वहिनी?"

ठराव पडला. घरी आल्या आल्या वहिनीने डबा ओट्यावर आपटला.

"मग मालकाला शिव्या कशाला घातल्या? त्याची खुर्ची रिकामी व्हावी म्हणून?"

"अगं, भट्टी आणि कागद गुंडाळणं एकच का? तिथे उकळतं अंगावर उडतं."

"मालक हेच म्हणायचा. शब्दसुद्धा तेच!"

दादा खाली बघत म्हणाला, "पलीकडचा नवा कारखाना दीडपट देतोय. आमच्यातल्या पाच जणांना विचारलंय. सारखा वाटा झाला असता, तर चौघे उद्याच गेले असते."

"आणि पाचवा?"

"मी. नाही म्हणून आलो. दोन महिने झाले."

पैसे पुरत नाहीत म्हणून थोरल्या मुलीची शिकवणी बंद केली होती, आणि हा माणूस दीडपट पगार नाकारून आला होता, अवाक्षर न काढता! तो नकार आणि सभेतला तो हात एकाच माणसाचा, हे वहिनीच्या डोक्यात शिरेना.

"सभेत का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली गं. वीस वर्षं काय ओरडत होतो मी?"

"उद्या सांगा. नाहीतर मी सांगते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळं सांगितलं. तासभर भांडण झालं. शेवटी बायांचा वाटा निम्म्यावरून पाऊण झाला, आणि जिला भट्टीचं काम शिकायचं असेल तिला शिकवायचं ठरलं. चौघांतले दोघे तरीही त्याच आठवड्यात गेले.

एकाच्या जागी वहिनी उभी राहिली. दादाने रबरी हातमोजे आणून दिले. ते तिला फार मोठे होत होते. मनगटाशी दोरी आवळून बांधून तिने ढवळायचा दांडा हातात घेतला.