चार रेडियल

"हे नायलॉन आणि हे रेडियल." टायरवाल्याने भिंतीला टेकवलेल्या दोन टायरांवर आळीपाळीने बूट आपटला. "गाडी नवी होती तेव्हा हे नायलॉनच होते. घातलेत तर अगदी मूळची दिसेल. रेडियलवर जरा फुगीर दिसेल, पण चालेल नाकासमोर. बोला, कुठले चढवू?"

"काका सांगतील ते," बेबी म्हणाली.

चाळिशी उलटली तरी ती बेबीच होती. डॉक्टरांची एकुलती एक मुलगी. आणि काका म्हणजे डॉक्टरांचे ड्रायव्हर. अडतीस वर्षं त्यांनी ही एकच गाडी चालवली होती. डॉक्टर जाऊन नऊ महिने झाले होते. गाडी विकायची नाही, असं बेबीने सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं, पण टायरांना भेगा पडल्यावर काहीतरी करणं भागच होतं.

ही गाडी काकांशिवाय कुणाला जुमानत नसे. नायलॉनच्या टायरांची खोडच तशी. रस्त्यावर जराशी चाकोरी दिसली की ते तिच्यात शिरायला बघत. स्टिअरिंग घट्ट धरून बसलं की गाडी वाकडी जाणार. ती सरळ जावी म्हणून हात सारखे इवले इवले हलते ठेवावे लागत. डॉक्टरांनी एकदोनदा करून पाहिलं आणि हात टेकले. "ही तुमचंच ऐकते बुवा," असं ते मागे बसून म्हणत. त्या एका वाक्यावर काकांनी उभा जन्म काढला होता.

गेल्या महिन्यात बेबीने हट्टाने गाडी हातात घेतली. पुलाच्या उतारावर चाकं चाकोरीत शिरली आणि गाडी थेट समोरच्या ट्रककडे वळली. शेजारी बसलेल्या काकांनी स्टिअरिंग ओढलं म्हणून निभावलं. गाडी कडेला लागल्यावर बेबी ओक्साबोक्शी रडली. "बाबांची एवढी एकच गोष्ट राहिलीय काका, आणि तीसुद्धा मला सांभाळता येत नाही!" काकांनी तिची समजूत घातली. पण मनातून, लाज वाटावी अशीच गोष्ट, त्यांना थोडं बरंही वाटलं होतं.

"नायलॉन घाला," काका टायरवाल्याला म्हणाले. "डॉक्टरांना मूळचीच गाडी आवडायची."

हे खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. नायलॉन राहिले तर काका राहणार होते. घरी बसायचं नुसतं मनात आलं तरी ते फडकं घेऊन गाडी पुसायला लागत.

"ठरलं तर मग," बेबी लगेच म्हणाली. तिने एकही प्रश्न विचारला नाही. "मी आपली मागे बसेन. तुम्ही आहात तोवर मला कसली काळजी?"

टायरवाल्याने गाडीखाली जॅक सरकवला. काका बाजूला उभे राहिले आणि आपल्याला एकाहत्तरावं लागलंय हे त्यांना आठवलं. तुम्ही आहात तोवर, हे पोरगी किती सहज बोलून गेली! आणि नसेन तेव्हा? ही काही गाडी झाकून ठेवणार नाही. बापाची हट्टी लेक, पुन्हा त्याच पुलावर घालेल, आणि शेजारच्या सीटवर कुणी नसेल.

"थांबा," काका म्हणाले. "रेडियल घाला."

टायरवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. "आत्ता तर नायलॉन म्हणालात! की पुढे दोन रेडियल घालू आणि मागे नायलॉन?"

"नको. दोन असे, दोन तसे केलेत तर वळणावर गाडी मागून घसरेल. चारी रेडियल."

"पण काका, बाबांना..." बेबी गोंधळली.

"डॉक्टर मागे बसायचे, ताई. तुम्हाला पुढे बसायचंय."

तासाभराने ती स्टिअरिंगवर बसली. आधी खांदे आवळून, मग जरा सैलावून. पुलाचा उतार आला, गेला. चाकोरीकडे गाडीने ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारी काकांचे हात मांडीवर आपोआप हलत होते, पण गाडीला त्याचं काही नव्हतं.

"काका, बघा ना! माझं ऐकतेय ही!"

"ऐकणारच," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. इतकं वाईट त्यांना डॉक्टर गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

इतक्या वर्षांत ही गाडी काकांच्या दारात कधी आली नव्हती. ती डॉक्टरांकडे लावून ते चालत घरी यायचे. आज बेबीनेच त्यांना आणून सोडलं. आवाज ऐकून काकांची बायको हात पुसत बाहेर आली, कौतुकाने स्टिअरिंगच्या बाजूला गेली, आणि खिडकीत बेबीला पाहून थबकली. काका पलीकडच्या दारातून उतरत होते.

"अगं बाई, तुम्ही तिकडून कसे? बरं वाटत नाहीये का?"

"बरंय की. ताई सोडायला आल्यात."

"येते हं काका," बेबी म्हणाली आणि गाडी निघाली. कोपऱ्यावर वळताना तिने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, असं ओरडायला काकांनी तोंड उघडलं. गाडी अगदी नीट वळून दिसेनाशी झाली.

"काय म्हणत होतात?" बायकोने विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले, आणि दाराशी चपला काढून आत गेले.